घरातली चार माणसं, चार रिपोर्ट : कुणाला कुठलं सप्लिमेंट द्यावं?

अबोली

नमस्कार मंडळी,

घरातल्या सगळ्यांच्या रक्ततपासण्या एकदम करून घेतल्या. रिपोर्ट घेऊन औषधांच्या दुकानात गेले, तर तिथल्या माणसाने चौघांसाठी एकाच मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या काउंटरवर ठेवल्या. "यात सगळं आहे ताई." घरी आल्यावर लेबल वाचलं. घटकांची यादी भलीमोठी, पण त्यात बी-१२ जेमतेम १ मायक्रोग्रॅम आणि लोह इतकं कमी की माझ्या रिपोर्टपुढे ते कुठेच पुरणार नाही.

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. दूध, दही, ताक रोज असतं. रिपोर्ट असे :

सासूबाई, वय ७१. मधुमेह. मेटफॉर्मिन बऱ्याच वर्षांपासून, शिवाय रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी. बी-१२ १४२. पायांना मुंग्या येतात. हल्ली चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि त्यांना ते कळतच नाही, चार पावलं पुढे जातात.

मी, ४४. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ७. पाळीत अंगावरून खूप जातं. थायरॉइडची गोळी चालू आहे.

नवरा, ४८. डी व्हिटॅमिन ११, बाकी ठीक. दिवसभर ऑफिसात.

मुलगा, १९. रिपोर्ट उत्तम. पण जिमच्या ट्रेनरने व्हे प्रोटीन, क्रिएटिन, बीसीएए, फॅट बर्नर आणि मल्टिव्हिटॅमिन अशी यादी दिली आहे.

एका बाटलीत चौघांचं भागेल हे मला पटत नाही. डॉक्टरांकडे जाणारच आहे, पण काय विचारायचं हे आधी नीट समजून घ्यायचं आहे.

स्टेथो

अबोली, बाकी सगळं राहू द्या, आधी सासूबाईंना दाखवा. या आठवड्यात. तुम्ही ते चप्पल निसटण्याचं लिहिलंत, ते वाचून मी थांबलो. तळव्यांची संवेदना कमी झाल्याचं ते लक्षण आहे. मधुमेहाने नसा बिघडल्या असतील, बी-१२ कमी असल्याने बिघडल्या असतील, किंवा दोन्ही. मधुमेहाने झालेलं सहसा पूर्ण भरून येत नाही. बी-१२ चं वेळेत पकडलं तर बऱ्यापैकी येतं. म्हणून घाई.

आता त्यांचं बी-१२ कमी का झालं ते बघा, कारण औषध कुठल्या मार्गाने द्यायचं हे त्यावर ठरतं. बी-१२ वनस्पतींत नसतं, त्यामुळे शाकाहारात मिळतं ते दूधदुभत्यातून, म्हणजे आवक मुळातच बेताची. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. पँटोप्राझोल तेच आम्ल कमी करतं. सुटलेलं बी-१२ जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जातं आणि तिथे शोषलं जातं. मेटफॉर्मिन नेमकं तिथे आड येतं. एकाच बाईच्या बाबतीत तिन्ही ठिकाणी वाट अडलेली आहे. तुमच्या बाटलीतलं १ मायक्रोग्रॅम त्यांना काहीही करणार नाही.

नसांची लक्षणं असतील तर सहसा इंजेक्शनने सुरुवात करतात, आधी जवळजवळच्या अंतराने आणि मग लांबवत. पुढे रोजची जास्त डोसची गोळीही चालते, कारण मोठ्या डोसमधला साधारण एक टक्का भाग वरच्या सगळ्या यंत्रणेला वळसा घालून थेट शोषला जातो. १००० मायक्रोग्रॅममधले १० आत गेले तरी पुष्कळ झालं, प्रौढांची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम आहे.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा : पँटोप्राझोल अजून खरंच लागतं का, आणि मेटफॉर्मिन घेत असताना बी-१२ किती दिवसांनी तपासायचं. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका.

आणि कृपा करून त्यांना नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका. त्याने रक्तातला पांडुरोग सुधारल्यासारखा दिसतो, आत नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

लेस्टरकर

+१. इथे ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये यावर मुद्दाम सूचना काढली होती. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होणं वाटतं त्याहून जास्त प्रमाणात होतं, विशेषतः डोस मोठा असेल आणि औषध बरीच वर्षं चालू असेल तर. लक्षणं असतील तर तपासा आणि जोखीम असलेल्यांवर अधूनमधून लक्ष ठेवा, असं त्यात आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत इथल्या डॉक्टरांनी त्यानंतरच तपासणी लावली.

सांजवात

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. सुमारे दोन-तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी सापडलं, फॉलेटची, म्हणजे फॉलिक ॲसिडची, कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. आणि ज्या आयांचं फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. आपल्याकडे दिवस गेले की लोह आणि फॉलिक ॲसिड सुरू होतं, ते हवंच. पण बी-१२ कुणी विचारत नाही. माझ्या सुनेच्या वेळी मी हट्ट धरून तपासायला लावलं.

रानमेवा

माझं मत थोडं वेगळं आहे. इतक्या गोळ्या कशाला? नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, अळीव, खजूर हे सगळं आपल्या आज्या खात होत्या. बी-१२ साठी स्पिरुलिना आहे, इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ आहे. शरीर अन्नातून जितकं नीट घेतं तितकं रसायनातून घेत नाही असं मला मनापासून वाटतं.

स्टेथो

रानमेवा, नाचणी-तिळाबद्दल पूर्ण सहमत. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तीळ तर त्याच्या कितीतरी पुढे. ज्या घरात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि ताक रोज आहे, तिथे कॅल्शियमच्या गोळीची गरज अनेकदा पडत नाही.

पण बी-१२ च्या बाबतीत नाही. स्पिरुलिनात जे असतं त्यातला बहुतांश भाग बी-१२ सारखा दिसणारा पण माणसाच्या शरीरात निरुपयोगी असा असतो. रक्ततपासणीत आकडा वाढलेला दिसू शकतो आणि कमतरता तशीच राहते. आंबवलेल्या पिठावरही भरवसा ठेवता येत नाही. आणि सासूबाईंचा प्रश्न खाण्यापेक्षा शोषणाचा आहे.

खलबत्ता

मी फार्मसिस्ट आहे. दुकानात रोज दिसतं ते सांगतो.

'नसांची गोळी' म्हणून मेथिलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चाच एक प्रकार, मागितलं की बऱ्याचदा हातात येतं ते मिश्रण. त्यात प्रीगॅबलिन किंवा गॅबापेंटिन असतं. ती वेदनेची औषधं आहेत, झोप आणतात, तोल जातो. ७१ वर्षांच्या, पाय बधिर असलेल्या बाईंना ती नकळत सुरू झाली तर रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचा. बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, किती आहे तेही बघा. ते मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच मुंग्या आणि बधिरपणा येतो. मुंग्यांसाठी सुरू केलेल्या गोळीने मुंग्या, अशी माणसं मी पाहिली आहेत.

मेथिलकोबालामिन की सायनोकोबालामिन यावर डोकं शिणवू नका. दोन्ही काम करतात. सायनो टिकाऊ आणि स्वस्त आहे, बहुतेकांना पुरतं. डोस आणि नियमितपणा महत्त्वाचा.

लेबलवर क्षाराचं वजन आणि प्रत्यक्ष घटकाचं वजन वेगळं असतं. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलंय म्हणजे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. सायट्रेटमध्ये ते साधारण २१ टक्केच. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, कारण त्याला आम्ल लागतं. पँटोप्राझोल घेणाऱ्यांना म्हणूनच सायट्रेट बरं. आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नको, वरचं फारसं शोषलं जात नाही.

सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि औषधी वापरासाठी नाही असं छापलेलं असतं. औषध म्हणून विकली जाणारी गोळी वेगळ्या कायद्याखाली बनते, तिच्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. कमतरता सिद्ध झाली असेल तर मी गिऱ्हाइकाला नेहमी दुसरीच सुचवतो. जनऔषधी केंद्रात हेच घटक खूप स्वस्त मिळतात.

कण्हेर

अबोली, तुझ्यासाठी लिहितेय. माझं फेरिटिन तुझ्यासारखंच तळाला गेलं होतं आणि जिने चढताना छाती धडधडायची. बर्फ खावासा वाटायचा, तो लोह कमी असल्याचा प्रकार असतो हे मला नंतर कळलं.

लोहाची गोळी सकाळी पोट रिकामं असताना, लिंबूपाण्याबरोबर. चहा-कॉफी तिच्या आधी-नंतर तासभर तरी नाही. आमच्याकडे सकाळचा चहा आधी आणि गोळी त्याच्यासोबत असं चालायचं, ते बदलल्यावरच आकडा हलला. पण तुझी थायरॉइडची गोळी आहे ना? ती आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडचं औषध शोषलं जात नाही. कॅल्शियमलाही तेच. म्हणून तू थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या आणि लोह दुपारी जेवणाच्या बरंच आधी किंवा संध्याकाळी असं बसव.

रोज दोन गोळ्या घेऊन मला मळमळ आणि बद्धकोष्ठता व्हायची. माझ्या डॉक्टरीणबाईंनी दिवसाआड एक केली. त्यांनी सांगितलं की लोह घेतलं की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचे साधारण २४ तास आतड्याचं दार लावून घेतं, मग दुसऱ्या डोसमधलं फारसं आत जात नाही. झुरिचच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण बायकांमध्ये हे मोजून दाखवलं आहे. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस.

आणि मुख्य म्हणजे, एवढं रक्त का जातंय ते शोध. मला फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघाला. तो तसाच ठेवून गोळ्या घेत बसले असते तर आयुष्यभर घेतल्या असत्या.

स्टेथो

कण्हेरताईंनी छान लिहिलं. भर घालतो. औषध लागू पडत असेल तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोनने वाढायला हवं. नॉर्मलला आलं की थांबायचं नाही, साठा भरायला पुढे तीनेक महिने चालू ठेवतात. पोटाची सोनोग्राफी आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) जरूर करा, थायरॉइड कमी पडल्यानेही पाळीत जास्त जातं.

वाचणाऱ्या इतरांसाठी : हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोह, हे समीकरण धरू नका. फेरिटिन तपासल्याशिवाय वर्षानुवर्षं लोह घेणारी थॅलेसेमिया मायनरची (आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाचे वाहक असलेली) माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्या रक्तपेशी जन्मतः लहान असतात, लोह बहुधा पुरेसं असतं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत हे जास्त दिसतं, पण मराठी घरांतही असतं. एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, मोजणारी तपासणी एकदाच करावी लागते. लग्न ठरताना तर तिचं मोल फार. आणि पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी असेल तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे बघितल्याशिवाय नुसती गोळी देऊ नये.

पायवाट

मी आशा कार्यकर्तींबरोबर काम करते. ॲनिमिया मुक्त भारत २०१८ पासून चालू आहे. लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, गरोदर आणि बाळंतिणींना लाल गोळी, सगळं मोफत. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. महागाच्या स्ट्रिपांमध्येही काम करणारं लोहच असतं. बायका गोळ्या नेतात आणि डब्यात ठेवून देतात, कारण मळमळ होते आणि त्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही. थोडं खाऊन घे, रात्री घे, एवढं सांगितलं तरी बऱ्याच जणी चालू ठेवतात. रिकाम्या पोटी जास्त शोषतं हे खरं, पण डब्यात राहिलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतरची बरी.

लेस्टरकर

डी व्हिटॅमिनबद्दल. इथे शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू घ्यावं असा सरकारी सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर विचार करायला सांगतात. भारतात मात्र ६०,००० आययूची पाकिटं बघून मला धक्का बसला होता. इतका मोठा डोस सुरक्षित आहे?

खलबत्ता

आठवड्याला एक, आठ आठवडे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, असा घेतला तर हो. धोका आहे तो चिठ्ठी नीट न वाचण्यात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी पाकीट रोज एक असं घेतलं. भूक गेली, उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठता, मग असंबद्ध बोलायला लागले. घरच्यांना वाटलं वयाचं आहे. रक्तातलं कॅल्शियम प्रचंड वाढलं होतं आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, त्यामुळे बंद केल्यावरही उतरायला खूप वेळ लागला.

पाकीट देताना मी आता वार लिहून देतो. 'दर रविवारी'. अबोली, तुमच्या यजमानांनाही तसंच करा, आणि तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यायला सांगा. मुतखडा झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कोर्स संपल्यावर तीनेक महिन्यांनी तपासा, मग देखभालीचा छोटा डोस ठरतो. दर महिन्याला तपासण्यात पैसे घालू नका.

रानमेवा

उन्हाने नाही का होणार? ते सकाळी कोवळ्या उन्हात फिरायला जातात का?

स्टेथो

कोवळं ऊन चालायला छान, पण डी साठी फारसं उपयोगाचं नाही. ज्या किरणांनी त्वचेत डी बनतं ते सूर्य वर असताना पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हा. हात-पाय उघडे ठेवून दुपारच्या आसपास थोडा वेळ, कातडी भाजू न देता. ऑफिसच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने काही होत नाही, काच ती किरणं अडवते. ११ आकडा असताना मी फक्त उन्हावर सोडणार नाही. आकडा सुधारल्यावर टिकवायला ऊन आहेच, शिवाय '+एफ' खूण असलेल्या दुधात ए आणि डी घातलेलं असतं.

आखाडा

मुलाची यादी. मी व्यायामशाळा चालवतो, यातलं काहीही विकत नाही.

फॅट बर्नर आधी काढून टाका. भरमसाट कॅफिन असतं, वर लेबलवर नसलेलं काय असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. बीसीएए, म्हणजे प्रथिनांतलेच तीन सुटे घटक, नको, पुरेसं प्रथिन खाणाऱ्याला त्याचा वेगळा फायदा नाही. मल्टिव्हिटॅमिन कशासाठी, रिपोर्ट उत्तम आहेत ना?

प्रथिनं मोजा. साध्या माणसाची गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम, वजन उचलणाऱ्याला दीडपट-दुप्पट. ६५ किलोच्या पोराला १०० च्या आसपास धरा. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला साधारण ५० ग्रॅम प्रथिन, डाळींत २२-२४, शिवाय पनीर, दही, चणे, शेंगदाणे. हे करून २०-२५ ग्रॅम कमी पडत असेल तर व्हेचा एक स्कूप हा सोपा मार्ग, इतकंच. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, यावर भरपूर अभ्यास झालेला आहे, आणि शाकाहारी पोरांना त्याचा फरक जास्त जाणवतो कारण आहारात ते मुख्यतः मांस-माशांतूनच मिळतं. मात्र रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम बघतात, थोडं वाढलेलं दिसू शकतं, तपासणीआधी डॉक्टरांना सांगायचं. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर यातलं काहीच नाही.

त्याचं बी-१२ मात्र बघा. रिपोर्ट उत्तम म्हणताना ते तपासलं होतं का?

मालवणी_माणूस

आमच्याकडे बांगडा-तारली ताटात असते म्हणून ओमेगा-३ ची चिंता नाही. पण कॅप्सूल घेणाऱ्यांनी मागे बघावं : 'फिश ऑइल १००० मिलिग्रॅम' च्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० (हेच कामाचे ओमेगा-३) एवढंच असतं. शाकाहाऱ्यांना जवस चांगलं, पण त्यातलं फार थोडं शरीरात डीएचए बनतं. शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं.

कण्हेर

अबोली, एक राहिलं. केस गळतात म्हणून बायोटिन घेतेस का? लोह कमी असलं की केस गळतातच आणि पार्लरमध्येसुद्धा बायोटिन देतात. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, छातीत दुखल्यावर हृदयासाठी करतात त्या ट्रोपोनिन तपासणीचासुद्धा. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेव. आणि अश्वगंधा थायरॉइडच्या गोळीसोबत स्वतःच्या मनाने नको, थायरॉइडची पातळी त्याने बदलू शकते.

अबोली

सगळ्यांचे खूप आभार. बायोटिन घेतच होते, कुणीच कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. सासूबाईंना बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, पँटोप्राझोल हळूहळू कमी करायचं ठरलं. त्यांच्या घरच्या डब्यात खलबत्ता म्हणाले तशी प्रीगॅबलिनची मिश्र गोळी निघाली, मागे कुणीतरी गुडघ्यासाठी दिलेली. ती कशी कमी करायची तेही डॉक्टरांनी लिहून दिलं, एकदम बंद करायची नाही म्हणाले. मला दिवसाआड लोह आणि सोनोग्राफी. मुलाचं बी-१२ तपासलंच नव्हतं, करून घेतलं, १९० निघालं. त्याला आता रोजची गोळी. बाटल्या दुकानात परत दिल्या.

एक शंका. सासूबाईंची आणखी काही इंजेक्शनं बाकी आहेत. मध्येच बी-१२ तपासून बघू का, किती वाढलं ते?

स्टेथो

नको. इंजेक्शननंतर आकडा हजाराच्या पुढे दिसेलच, त्यावरून नसांचं काहीच कळत नाही. पाय बघा. त्यांचे डोळे मिटलेले असताना आपण त्यांच्या पायाचा अंगठा वर केलाय की खाली हे त्यांना सांगता येतं का ते महिन्या-दीड महिन्याने तपासा. सुरुवातीला मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटू शकतात, त्यामुळे इंजेक्शनं थांबवू नका. सुधारणा दिसायला काही महिने लागतात. तोवर मागे पट्टा असलेली चप्पल घ्या आणि रात्री पाऊल ठेवण्याआधी दिवा लावायला सांगा.